भास्करराव आणि पाण्याखालची पाती

आमच्या घरी आलेला माणूस आधी सोफ्याकडे पाहतो, नाहीतर टीव्हीकडे. शेजारचे भास्करराव सरळ मोरीकडे जातात. बादली कलंडून पाणी सोडतात आणि ते भोकाशी कशी गिरकी घेतं, हे उकिडवे बसून पाहतात. मग मान हलवून म्हणतात, "पाण्यासारखं आळशी काई नाई, मास्तर. बाजूनं जाता आलं, का ते काम करत नाई."

मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे मला या वाक्यात आधी तत्त्वज्ञान दिसलं. नंतर कळलं, ते शुद्ध यंत्रशास्त्र आहे. भास्करराव हिंगण्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. जन्मभर पंपांचे पंखे घडवले, म्हणजे विजेनं पाणी पळवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता पाण्यानं वीज काढायची. तीही धरणबिरण न बांधता, नदीच्या वाहत्या धारेत तीन पात्यांचं चक्र बुडवून. चक्र फिरतं, त्याला जोडलेला डायनामो फिरतो, काठावर दिवा पेटतो. पण नुसता दिवा पेटून भास्कररावांचं समाधान होत नाही. समोरून वाहत आलेलं पाणी चक्राला टाळून शेजारून निघून जातं, हे त्यांना चारचौघांत झालेल्या अपमानासारखं झोंबतं.

पाणी अडवायला त्यांनी चक्राभोवती एक कडं बसवलं. त्यात त्यांच्या घरच्या काकूंचा पिठाचा पत्र्याचा डबा गेला. कडं पुढून नरसाळ्यासारखं रुंद करावं, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं, आणि मी ते बोलून बसलो.

"काहून?" ते म्हणाले. "पुढून तोंड मोठं केलं, का पाणी कडेनं पळते. मागून मोठं करा. मागं मोकळं भेटलं, का आपल्या पायानं आत येते."

आणि खरंच, कडं मागून रुंद केल्यावर दिवा चांगलाच उजळला. त्या आनंदात साबुदाण्याचा डबाही गेला. "उद्यापासून ओंजळीत वाढते तुमाले," काकू म्हणाल्या.

मग एकदा ते दारोदार शिळे हार मागत फिरले. गल्लीला वाटलं, माणूस उतारवयात देवाधर्माला लागला. हार जाऊन पडले अंगणातल्या हौदात. तिथे मोटर लावून त्यांनी घरगुती नदी केली होती. चक्र जिथे सोडायचं, त्या कन्हान नदीच्या पुलावरून लोक निर्माल्य टाकतात, आणि झेंडूच्या माळेचा दोरा पात्यांत गुंतला की चक्र जागच्या जागी थांबतं. आठवडाभर हौदात झेंडू कुजला. शेवटी पाती विळ्यासारखी मागे वाकवल्यावर माळ अलगद सरकून निघून गेली. भास्कररावांनी पेढे वाटले. कशाचे पेढे, हे घरी गेल्यावर कोणालाच नीट सांगता आलं नाही.

असा हा माणूस. एक सूत इकडचं तिकडे खपत नाही. आमच्या दाराची कडी जराशी तिरकी आहे म्हणून दोनदा पेचकस घेऊन आले. त्यामुळे त्या रविवारी कन्हानला जे पाहिलं, त्यानं मी गोंधळून गेलो.

दर रविवारी सकाळी ते चक्र पोत्यात घालून स्कूटरवरून कन्हानला नेतात. त्या दिवशी पोतं धरायला मला मागे बसवलं. नदीकाठी त्यांच्या मित्राचं, मेश्रामांचं घर आहे. मेश्राम त्याच कारखान्यात इन्स्पेक्टर होते. भास्कररावांनी जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, करायचा, मेश्रामांनी तपासायचा आणि चुकला असेल तर त्यावर लाल खडूची फुली मारून, 'रिजेक्ट' म्हणत परत पाठवायचा, असं तीस वर्षं चाललं. नदीतल्या चक्राचा बेतही दोघांचा. पण गेल्या वर्षी मेश्रामांना लकवा मारला. बोलणं गेलं, उजवा हात लुळा पडला. हात हलवत राहिलात तर परत येईल, असं डॉक्टर सांगतात. मेश्राम हलवतच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. हे सगळं भास्कररावांनी मला स्कूटरवर वाऱ्यात ओरडून सांगितलं.

ओसरीत मेश्राम खुर्चीवर बसले होते. भास्कररावांनी चक्र त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं आणि त्यांच्या उजव्या हातात लाल खडू दिला. मी चक्राकडे पाहिलं आणि दचकलो. तीनपैकी एक पातं चक्क उलटं बसवलेलं! आदल्याच दिवशी हौदात मी ते झकास फिरताना पाहिलं होतं. "अहो, ते पातं..." म्हणतो तोच भास्कररावांचा बूट माझ्या पायावर पडला.

"पाह्य गा मेश्राम. आज फुली माराले जागा नाई भेटत तुले."

मेश्राम बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा डावा हात खडूकडे सरकला.

"डाव्यानं नाई! इन्स्पेक्टर हायेस ना तू?"

उजवा हात मांडीवरून हलला. थरथरत उठला, खाली पडला, पुन्हा उठला. उलट्या पात्यावर एक वाकडी रेघ उमटली. मग तिच्यावरून दुसरी. मेश्रामांच्या घशातून शब्द फुटला, "रि... जेक."

भास्कररावांनी कपाळावर हात मारून घेतला. "तीस वर्षं झाले, एक जॉब सुखानं पास करत नाई हा माणूस!" मग मुकाट्यानं पातं सरळ केलं, चक्र धारेत सोडलं. ओसरीतला दिवा पेटला. मेश्राम त्याच्याकडे मालकासारखे पाहत होते. चहा देताना मेश्रामवहिनी हळूच म्हणाल्या, "सहा दिवस हात उचलत नाई हे. रविवारीच उचलते."

परतीच्या वाटेवर आम्ही कामठीजवळ टपरीवर थांबलो. भास्कररावांनी दोन चहा सांगितले. मला त्यांचं फार कौतुक वाटत होतं.

"मास्तर, चुका सरून राहिल्या," ते एकदम म्हणाले. "मेश्राम येडा नाई. आजच्यासारखी सोपी चूक घडीघडी केली, तं मुद्दाम केली हे त्याले समजते. लई बारीक केली आन् त्याले दिसली नाई, तं हात खालीच रायते. जन्मभर चुका टाळत आलो. आता कराच्या म्हटल्या तं सुचत नाई. तुम्ही पोट्ट्यायच्या वह्या तपासता. त्यायले नवीन चुका कुठून सुचते जी?"

मी डोळे पुसले आणि पुष्कळ विचार करून म्हणालो, "एखादा वॉशर विसरा."

"तो पोळ्याच्या रविवारीच विसरलो जी," ते म्हणाले आणि चहा निवत ठेवून पुन्हा विचारात पडले.