तीन इन्व्हर्टर आणि एक भागाकार

आमच्या कालव्याच्या दोन्ही काठांवर वायरिंगमधलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं माझं मत होतं. 'होतं' हा शब्द महत्त्वाचा!

व्हिएतनामच्या दक्षिणेला, का माऊ प्रांताच्या या टोकाला थ्री-फेजची लाइन येत नाही, आणि कोळंबीच्या तळ्यात पाणी घुसळून हवा मिसळणारी चक्रं थ्री-फेजशिवाय फिरत नाहीत. म्हणून मी सोलरची बॅटरी आणि तीन इन्व्हर्टर आणले, इन्व्हर्टर एकेका फेजला एक असे जोडले आणि जुनं डिझेल इंजिन विकूनही टाकलं.

"थोआला एकदा दाखवा की," बायको म्हणाली. थोआ माझी मेहुणी. फेरीबोटींच्या मोटरी दुरुस्त करते.

"दाखवायचंय काय, लुआ? पंधरा किलोवॉट भागिले तीन. फेजला बावीस अँपिअर. पोरखेळ!"

गणित बरोबर होतं. पण फक्त चक्रांच्या बाजूला! बॅटरीकडेही मी तोच भागाकार नेला, आणि करंगळीएवढी वायर, सव्वाशे अँपिअरचा फ्यूज लावून मोकळा झालो.

उद्घाटनाला मुहूर्त काढला आजेसासूबाईंच्या वर्षश्राद्धाचा. चाळीस पाहुणे आयतेच जमणार होते! दुपारी आभाळ गच्च भरलेलं, म्हणजे सगळा भार बॅटरीवर. मी पुढाऱ्यासारखा खटका दाबला. चक्रं फिरली, टाळ्या पडल्या, आणि फट्! सगळं गप्प.

"फ्यूज लहान पडला," मी हसत म्हणालो आणि चारशेचा ठोकला. चक्रं पुन्हा फिरली. थोड्या वेळानं एक वास पसरला.

"वा, जावईबापू!" सहाव्या काकांनी नाक वर केलं. हे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. "सुकी माखली भाजताय वाटतं?"

"माखली कसली काका, वायर जळतेय!" लुआ ओरडली.

मी उडी मारून मेन बंद केला. चक्रं थांबली, आणि थोड्या वेळानं तळ्याच्या कडेला कोळंबी हवेसाठी वर यायला लागली. तीन महिने लेकरासारखी वाढवलेली!

थोआ जेवणावरून उठून तशीच आली, हातात चॉपस्टिक. "आधी पाणी घुसळा," ती म्हणाली. "भाऊजींचं नंतर बघते."

मग काय! पाहुण्यांनी आपापल्या होड्या बांधावरून ओढून तळ्यात घातल्या. इंजिनं धडधडली. सहावे काका रेशमी सदरा घालून वल्हं मारत होते, मागे दोन मावश्या परातींनी पाणी उडवत होत्या. कालव्यातून जाणारा एक होडीवाला थांबला.

"शर्यत आहे का? पुढे कोण?"

"कोळंबी!" काका म्हणाले.

इकडे थोआ माझ्या वायरीकडे बघत होती. प्लास्टिक वितळून मेणबत्तीसारखं ओघळलेलं.

"भाऊजी, बॅटरी किती?"

"एक."

"एकेक इन्व्हर्टर तिच्यातून शंभराच्या वर खेचतो. मग भागायचं की मिळवायचं?"

"मिळवायचं," मी चौथीतल्या पोरासारखा म्हणालो.

"आणि फ्यूज असतो वायर वाचवायला. बारीक वायरीला मोठा फ्यूज घातलात, म्हणजे वायरच फ्यूज झाली. घर पेटलं असतं!"

तिनं वर्कशॉपमधून जाड वायरी आणवल्या. प्रत्येक इन्व्हर्टरला वेगळी वायर, तिला झेपेल असा वेगळा फ्यूज. बॅटरीची मुख्य वायर तिघांची बेरीज पेलणारी, तिचा फ्यूजही तसाच. दोन तासांनी चक्रं फिरली ती फिरतच राहिली. कोळंबी एकेक करत तळाशी गेली. मी बांधावर बसून डोळे पुसले. डोळ्यांत पाणी उडालं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी इन्व्हर्टरपाशी थोआची चिठ्ठी चिकटवलेली दिसली : 'हात लावण्याआधी मला फोन करा.'

खाली लुआच्या अक्षरात एक ओळ होती : 'बाकीच्यांनी लावला तरी चालेल.'