दिगंबररावांची पळणारी गाडी

खुलताबादहून परतताना दिगंबरराव शेळके दौलताबादचा घाट इंजिन बंद करून उतरायचे. चढावर गाडी रडतखडत न्यायची, माथा आला की किल्ली फिरवायची आणि मग किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत नुसतं घरंगळत यायचं, पेट्रोल वाचवायला. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा कडक होतो, हे मला त्यांच्याच गाडीत बसून कळलं. एकदा वळणावर शेळ्या आडव्या आल्या. दिगंबरराव दोन्ही पायांनी ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले, मी मागं डोळे मिटून घेतले, आणि गाडी थांबली तेव्हा एक शेळी बॉनेटचा वास घेत होती. दिगंबररावांनी घाम पुसला आणि म्हणाले, "तरी पावशेर वाचलं असंल."

पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती, आणि सिडकोत घरं समोरासमोर. म्हणजे दिवसाचे चोवीस तास हा माणूस माझ्या नजरेसमोर. "परवडंल का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. दाताच्या डॉक्टरांनी रूट कॅनल सुचवलं, तर यांनी तोंडात कापूस असताना विचारलं, पाडला तर परवडंल का? आमच्या एका सहकाऱ्याच्या अंत्ययात्रेत सगळे खाली माना घालून उभे होते, आणि हे शववाहिकेच्या ड्रायव्हरला ॲव्हरेज विचारत होते. तो आठ म्हणाला. दिगंबररावांना मनापासून वाईट वाटलं, गेलेल्या माणसाइतकंच. त्यांनी त्याला उतारावर न्यूट्रल टाकायचा सल्ला दिला.

स्वतःची गाडी ते पंचेचाळिसाच्या वर नेत नसत, कारण पंचेचाळिसाला ॲव्हरेज उत्तम पडतो असं कुठंतरी वाचलं होतं. त्यामुळं जगातलं प्रत्येक वाहन त्यांच्या पुढं निघून जायचं. ट्रक जायचे, एसटी जायची, दुधाचे टेम्पो जायचे. एकदा चौका गावाजवळ उसाचा ट्रॅक्टर गेला, आणि वरच्या माणसानं आम्हाला हात केला.

शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन कुसुमवहिनी बसायच्या. तीस वर्षं बसल्या. पुढं गेलेल्या गाड्यांच्या पाठीवर लिहिलेलं त्या वाचत राहायच्या, आणि ते सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मला एकदा म्हणाल्या, "भावजी, एसटीचं तोंड कसं असतं ते मी ष्टँडावरच बघितलंय. रस्त्यावर आपल्याला तिची पाठच." वहिनी हे हसत म्हणाल्या, म्हणून मीही हसलो.

त्या उन्हाळ्यात वहिनींचं पोट दुखायला लागलं. निदान होईपर्यंत उशीर झाला होता. पावसाळ्याच्या मध्यावर डॉक्टरांनी दिगंबररावांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता औषध फक्त दुखण्यावर, दुखण्याच्या मुळावर नाही. घरी न्या, जे मागतील ते द्या. दसरा पाहिला तर खूप झालं. दिगंबररावांनी मान हलवली. काहीही विचारलं नाही, आणि त्यांनी काही विचारलं नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

पुढच्या रविवारी ते सकाळीच माझ्या दारात. चप्पल न काढता म्हणाले, "देशपांडे, चला. पळणारी गाडी बघायचीय. जुनी चालंल, पण पळणारी पायजे."

मला त्यांचा संताप आला. खोटं कशाला बोलू? बायको अंथरुणाला खिळलेली, मुलगा परदेशात, घरात औषधांचा वास, आणि या माणसाला साठाव्या वर्षी गाडी उडवायची हौस सुटली. गल्लीत तर दुपारपर्यंत बातमी पोचली. नळावरच्या बायकांनी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, बायको जायच्या आधीच मोकाट सुटला. मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. उलट संध्याकाळी वहिनींना भेटायला गेलो, त्यांची समजूत काढायची म्हणून.

वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. हात काडीसारखे झालेले. मी चाचरत गाडीचा विषय काढला, तर त्याच लाजल्या.

"मीच बोलले, भावजी. दवाखान्यात यांनी विचारलं, काय खावंसं वाटतं का. म्हटलं, खायाचं काय नाय. एकदा तरी कुणाला मागं टाका. एखादी एसटी तरी. मी शेजारी बसलेली असताना."

दुसऱ्या रविवारी दिगंबररावांच्या आधी मीच तयार होतो.

त्यांच्या जुन्या गाडीनं एसटी ओलांडणं शक्यच नव्हतं. बस मागं टाकायची तर चढावर दम राखणारं इंजिन हवं, हे त्यांनी कागदावर मांडून काढलं होतं. पहिली गाडी औरंगपुऱ्यात एका डॉक्टरांच्या मुलाची, लालभडक, सायलेन्सर असा की सुरू केल्यावर शेजारच्या दुकानातला म्हातारा बाहेर आला. दिगंबररावांनी स्टिअरिंगला हातही लावला नाही. डाव्या सीटवर बसले, सीट पूर्ण मागं पाडली, डोळे मिटून पडून राहिले आणि मुलाला म्हणाले, खड्ड्यातून ने. दोन खड्ड्यांनंतर उतरले. "हिला टोचंल," म्हणाले. मुलाला वाटलं, गाडीला काही टोचतंय. तो टायर बघत बसला.

दुसरी गाडी शहाण्या माणसाची होती. एक मालक, कमी चाललेली, अठराचा ॲव्हरेज. मी म्हटलं, ही घ्या आणि सुटा. दिगंबररावांनी ती पडेगावच्या चढावर नेली, एका टेम्पोच्या मागं लागले आणि टेम्पो निघून गेला. ते खिन्नपणे म्हणाले, "ही आपल्यासारखीच हाय."

तिसरी चेलीपुऱ्यात रफिकभाईंच्या गॅरेजात धूळ खात उभी होती. काळपट निळी, लांब, बुटकी, टर्बोची. एके काळी श्रीमंत पोरं हिच्यासाठी बापाशी भांडली असतील. रफिकभाई सचोटीचे मेकॅनिक. गाडी त्यांचीच, विकायची त्यांनाच, आणि तेच आम्हाला परतवत होते. ॲव्हरेज सात-आठ. टायमिंग बेल्ट बदलायला आलेला. टर्बो तेल पितो. सुटे भाग मुंबईहून मागवायचे आणि महिनाभर वाट बघायची. टायर महाग, इन्शुरन्स महाग.

"साब, मेरे को बेचनी है, फिर भी बोल रा हूं, नक्को लेव. चलाने में मजा है, पालने में जान जाती. दो साल में इंजिन खोलना पडेगा."

दिगंबरराव डाव्या सीटवर आडवे पडूनच ऐकत होते. सीट मऊ होती, कातडं फाटलेलं पण मऊ. त्यांनी विचारलं, "बेल्ट दसऱ्यापर्यंत टिकंल का?"

"दसरे तक? टिकेगा. लेकिन आगे..."

"आगे नाय लागत. दसऱ्यापर्यंतच पायजे."

रफिकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली, आणि ते समजले. सीट झाडून त्यांनी स्वतःच्या हातानं फाटलेल्या जागी कातडं चिकटवलं, आणि बेल्ट मात्र बदलूनच देतो म्हणाले, मजुरी न घेता. आयुष्यभर प्रत्येक वस्तूचा दहा वर्षांचा हिशोब करणारा माणूस दोन महिन्यांसाठी गाडी घेत होता, आणि त्यानं "परवडंल का" हे विचारलंच नाही.

गाडी घरी आली तेव्हा नारळ फोडायचा होता. वहिनींना फाटकापर्यंतही चालवत नव्हतं. दिगंबररावांनी फाटकाचं एक दार बिजागरीतून काढलं, तुळशीची कुंडी सरकवली आणि गाडी इंचाइंचानं पायरीपर्यंत आणली. वहिनींनी खुर्चीत बसूनच बॉनेटला हळदकुंकू लावलं. नळावरच्या बायका बघत होत्या. त्यातल्या एकीनं नंतर आमच्या घरी येऊन डोळे पुसले, ते बरं झालं.

वहिनी दसऱ्याच्या अकरा दिवस आधी गेल्या. गाडी महिन्याभरात विकली गेली, तोटा सोसून. पण मला सांगायचंय ते त्याआधीच्या एका सकाळचं.

वहिनींना जरा बरं वाटत होतं. माहेर फुलंब्रीचं, तिकडंच निघालो. वहिनी डाव्या सीटवर, मागं टेकून, पदर नीट केलेला. मी मागं, उशी आणि पाण्याची बाटली सांभाळत. सावंगीच्या पुढं एसटी दिसली, सिल्लोडची पाटी लावलेली. दिगंबररावांची मान ताठ झाली. दोनदा बाहेर निघून दोनदा परत आत आले. तीस वर्षांची सवय अशी जाते थोडीच. तिसऱ्यांदा रस्ता मोकळा मिळाला आणि त्यांनी पाय दाबला. गाडीनं आम्हाला असं पुढं ओढलं की माझ्या हातातली बाटली सुटली. बसच्या खिडक्या एकामागून एक मागं गेल्या, ड्रायव्हर मागं गेला, आणि समोर नुसता रस्ता उरला.

दिगंबरराव लहान मुलासारखे हसले आणि डावीकडं वळून पाहिलं. वहिनींना झोप लागली होती. सकाळच्या गोळीची गुंगी.

त्यांनी वेग कमी केला, गाडी लिंबाच्या सावलीला बाजूला घेतली आणि थांबले. मघाची एसटी आली, आमच्या शेजारून गेली. कंडक्टरनं वळून पाहिलं. दिगंबररावांनी गाडी पुन्हा तिच्या मागं लावली.

मग आम्ही तिच्या मागंच राहिलो. चौक्याचा घाट तिच्या धुरात चढलो. ती थांब्यावर थांबली की आम्हीही वीस पावलं मागं थांबायचो. माणसं उतरायची, बोचकी उतरायची, आणि ही एवढी पळणारी गाडी मागं गुरगुरत उभी. एक म्हातारी चढायला वेळ लावत होती, तेव्हा मागून हॉर्न वाजवणाऱ्या जीपला दिगंबररावांनी हातानं पुढं जा म्हटलं. फुलंब्री आलं आणि गेलं. माहेरचं घर असलेला रस्ता मागं पडला. पेट्रोलचा काटा खाली येत होता, आणि त्यांची नजर एकदाही त्याच्याकडं गेली नाही.

आळंदच्या अलीकडं वहिनी जाग्या झाल्या. समोर एसटीची पाठ होती. त्यांनी ती थोडा वेळ बघितली आणि क्षीण आवाजात विचारलं, "टाकली नाय का अजून मागं?"

"नाय," दिगंबरराव म्हणाले. "तू उठायची वाट बघत व्हतो."

त्यांनी पदर सावरला आणि दोन्ही हातांनी सीटची कड धरली. दिगंबररावांनी आरशात पाहिलं, मला म्हणाले, "देशपांडे, बाटली धरा," आणि गाडी बाहेर काढली.

वहिनी मान वळवून बसकडं बघत राहिल्या, तिचं तोंड दिसेपर्यंत.