कुंडलिकची कमान

सगुणाबाईंच्या बांगड्यांच्या दुकानात हल्ली माश्याच यायच्या, आणि त्याही बोहणी न करता जायच्या.

भोरच्या त्या बोळातून पूर्वी एस.टी. स्टँडकडे वाट होती. टोकाला चिमाजीनानांचं परसू. सांडपाण्यावरून सगुणाबाईंच्या मालकांशी नानांचं वाजलं आणि नानांनी वाटेवर मातीची भिंत घातली. पुढं मालक गेले, सांडपाणी आटलं, भिंत राहिली. शेजारी एकेक करून बाजारपेठेत बिऱ्हाड हलवू लागले. मुलगा पिंपरीहून येई तेव्हा एकच धोशा लावी, "आई, दुकान बंद कर, तिकडं चल." सगुणाबाईंना जायचं नव्हतं.

त्यांनी पाट्या रंगवणाऱ्या कुंडलिकला गाठलं. "बोळ जरा माणसात आण बाबा."

कुंडलिकनं भिंतींना चुना दिला, जोत्यांना गेरू, दारादारांवर मोर काढले. उरली टोकाची भिंत. त्यानं नानांना विचारलं.

"लाव की," नाना म्हणाले. "रंगानं काय भिंत उघडतीय?"

कुंडलिकला एवढं डिवचणं पुरलं. राजवाड्याची महिरप डोळ्यांसमोर आणून त्यानं अशी कमान काढली, की पलीकडं लांबवर जाणारी वाट आणि वाटेवर ऊन. वरचा पोपट तेवढा तिरळा झाला. पण सगुणाबाईंची शेळी त्या वाटेनं चरायला निघाली आणि डोकं आपटून आली.

वैशाखात नानांच्या नातीचं लग्न निघालं. मांडव परसात, म्हणजे भिंतीला लागूनच. पण सगुणाबाईंना बोलावण्याची अक्षत नव्हती. गोरज मुहूर्त. उत्रोलीहून वऱ्हाड आलं. पुढं लेझीम, मागं ढोल-ताशे, मग घोड्यावर नवरदेव, मग बायका. पलीकडून सनई ऐकू येते, समोर कमान दिसते.

"ही काय सरळ वाट! बाजारातनं कशाला वळसा?" कुणीतरी म्हणालं, आणि मिरवणूक बोळात शिरली.

लेझीमचा म्होरक्या रखमाजी तोंडात शिट्टी धरून, खेळणाऱ्यांकडं तोंड करून उलटा चालत होता.

"अवो पाव्हणं, थांबा! भिंत हाय!" सगुणाबाई ओरडल्या. ढोलापुढं कोण ऐकतंय? रखमाजीची पाठ कमानीवर धाडकन आदळली. शिट्टी गिळता गिळता राहिली.

"आरं, फाटक बंद हाय!"

"फाटक न्हाई, चित्र हाय त्ये!"

"मग आत ऊन कसं पडलंय?"

मागच्यांना वाटलं, पुढं लेझीम रंगलीय. ते आणखी पुढं सरकले. बोळात घोडं वळेना. थांबलं तर चेंगराचेंगरी, म्हणून रखमाजीनं जागच्या जागी खेळ धरला. घरात पडून असलेली म्हातारीकोतारी ओट्यांवर आली. अडकलेल्या वऱ्हाडणी सगुणाबाईंपुढं हात करून बसल्या. बांगड्या भरणं सुरू झालं. इकडं रखमाजीच्या पाठीनं भिंतीची ढेकळं सुटू लागली.

"कोन हाय रं?" पलीकडून नाना गरजले. "कोन पाडतंय माजी भिंत?"

"तुमचा नातजावई!" सगुणाबाईंनी हाक दिली. मालक गेल्यापासून नानांशी बोललेला हा पहिला शब्द.

"भटजी घाई करत्यात हितं! माघारी फिरून या म्हनावं!"

"घोडं वळंना, नाना!"

पलीकडून नानांचा आवाज आला, बराच खाली उतरलेला. "पहार आणा रं कुनीतरी."

पोपटाच्या खाली भगदाड पडलं. बाशिंग सावरत, अंगावरची माती झटकत नवरदेव मुहूर्ताला पोचला. आणि अक्षत नसलेल्या सगुणाबाई त्याच भगदाडातून गेल्या, मूठभर अक्षता टाकून आल्या.

वऱ्हाड गेलं तरी लोक त्या भगदाडातून ये-जा करायचे थांबेनात. शेवटी नानांनी गवंडी लावला आणि दगडी कमान बांधून घेतली, कुंडलिकच्या चित्राबरहुकूम, तिरळ्या पोपटासकट. बोळ वाहता झाला. दिवाळीला मुलगा आला तर त्याला दुकानात टेकायला जागा मिळाली नाही.

एवढंच झालं, की खरी कमान आल्यावरही लोक तिच्यापुढं थबकायचे आणि हात लांब करून बघायचे. खुद्द नाना तर काठी पुढं करून हवा चाचपीत.

"खरी हाय, नाना. या बिनघोर!"

"तुमच्या त्या कुंडलिकचा काय भरवसा, वैनी?" म्हणत नाना काठी चांगली चहूकडं फिरवीत, मगच बोळात पाऊल टाकीत आणि सगुणाबाईंच्या ओट्यावर टेकत.

ओटा मात्र त्यांनी कधी चाचपून बघितला नाही.