परक्या हाताची रेघ

थोर माणसाने तरुणपणी वाईट काम केलेलं नसतं. केलेलं आढळलंच, तर ते वाईट नसतं, प्रारंभिक असतं. या तत्त्वाला जागून मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजने एका सुप्रसिद्ध साप्ताहिकाच्या सुप्रसिद्ध व्यंगचित्रकाराची विद्यार्थिदशेतली चित्रं तळघरातून वर आणली, धूळ झटकली आणि काचेत बसवली.

उद्घाटनाला आर्डिस टोलेफसन आल्या. वय सत्त्याऐंशी. याच कॉलेजात त्यांनी उभा जन्म रेखाटन शिकवलं, पण स्वतःचं एक चित्र कधी कुठल्या भिंतीवर लागलं नाही (घरातही नाही, तिथे नवऱ्याने पकडलेला, पेंढा भरलेला मासा होता).

बसलेल्या बाईच्या एका चित्रापाशी त्या थबकल्या. चित्रातली बाई म्हणजे बटाट्याचं पोतं. पण मानेपासून कोपरापर्यंत एक रेघ अशी जिवंत, की बघत राहावं. ती रेघ आर्डिसबाईंची होती. पोरांचं चुकलं की बाई त्यांच्या हातातला चित्रं काढायचा कोळसा काढून घेत आणि त्यांच्याच कागदावर दुरुस्ती करून दाखवत. बाईंचा ऊर भरून आला. मेली एक रेघ का होईना, लागली भिंतीवर!

"ही रेघ पाहा!" संचालक डॉ. व्हिटलॉक पाहुण्यांना सांगत होते. "एकोणिसाव्या वर्षी! अहो, हे शिकवून येत नाही." (एक्याण्णव टक्के पाहुण्यांनी माना डोलावल्या. उरलेले चीजच्या तुकड्यांपाशी होते.)

हे मात्र बाईंना झोंबलं.

"ती रेघ माझी आहे," त्या म्हणाल्या. "तो खांदा काढायला बसला की उशी व्हायची."

"टोलेफसनबाई, नक्की आठवतंय ना?"

"आठवतंय म्हणजे? नापास करता करता सोडलाय मी त्याला!"

संस्थेला सत्याची भारी चाड. समिती नेमली गेली, रेघांवरचा हाताचा दाब सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला आणि रेघ परक्या हाताची असल्याचं निर्विवाद सिद्ध झालं. सबब, मूळ कलाकृतीवरील बाह्य हस्तक्षेप दूर करण्यात यावा, असं एकमताने ठरलं. एका तज्ज्ञाने मऊ रबर घेऊन तो अत्यंत हळुवारपणे दूर केला.

"अभिनंदन, बाई!" संचालकांनी फोन केला. "तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं."

"मग खाली माझं नाव घाला की."

"नाव कशाला? आता तिथं तुमचं काहीच नाही."

चित्र पुन्हा लागलं. खांद्याच्या जागी उशी. माहितीपत्रकात 'शरीररचनेला धाडसी नकार' अशी भर पडली आणि गर्दी दुप्पट झाली. बाई एकदा जाऊन आल्या. जिथे रेघ होती तिथे बघता बघता त्यांना रडू आवरेना. "काचेपासून जरा लांब, आजी," पहारेकरी म्हणाला.

वाचक सहृदय आहेत. त्यांना समितीचा संताप आला असेल, बाईंची दया आली असेल, आणि या दोन्हींच्या आधीपासून एक प्रश्न छळत असेल: हा व्यंगचित्रकार नेमका कोण? कॉलेजच्या कार्यालयात हा प्रश्न रोज येतो, म्हणून त्याचं उत्तर छापूनच ठेवलं आहे. दुसरा कुठला प्रश्न अद्याप आलेला नाही.