बाई कोठीत आहेत

“देवा, काहीतरी एक खूण दे. हो तर हो, नाही तर नाही. पण आजच दे,” असं म्हणून आई उठली, बाहेर जायला तिनं कोठीच्या दाराचं हँडल धरलं, आणि ते तिच्या हातातच आलं. दारापलीकडचं दुसरं हँडल आपल्या चौकोनी सळीसकट खणकन फरशीवर पडलं. दार जागच्या जागी. हातातल्या हँडलकडे बघत आई बराच वेळ उभी राहिली. याला हो समजायचं की नाही, हे काही तिला उमगेना.

कोठी ही या घरातली देवाची खोली होती, कारण दुसरी जागाच नव्हती. नवरा सैन्यात. दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली, दर वेळी नवं क्वार्टर आणि त्याच जुन्या काळ्या पेट्या. देवालाही बिचाऱ्याला दर बदलीला नवी जागा शोधावी लागे. मागच्या क्वार्टरात तो जिन्याखाली होता, त्याच्या आधी गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड. मुलांच्या शाळेचीही हीच गत. एका ठिकाणी भागाकार व्हायच्या आत बदली, आणि पुढच्या शाळेत भागाकार कधीच होऊन गेलेला. शेवटी वैतागून आईनं शाळाच घरी आणली. स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे वर्ग, फ्रिजचं दार म्हणजे फळा, आणि नाश्त्यापासून चार वाजेपर्यंत तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा पहिला नियम.

आता नवरा डोंगरातल्या कुठल्याशा चौकीवर होता. तिथे बायकामुलांना नेता येत नाही, आणि फोनला सिग्नल फक्त एका खडकावर येतो. आणि नेमक्या अशा वेळी सैनिकांच्या मुलांच्या वसतिगृहात दोन जागा निघाल्या होत्या. मोठ्या दोघांची सोय होत होती. शाळा नावाजलेली, शिस्त कडक, दर बदलीला शाळा बदलायची कटकट नाही. संध्याकाळच्या आत नवऱ्याच्या साहेबांमार्फत हो की नाही ते कळवायचं होतं. “तू म्हणशील तसं,” नवरा म्हणाला होता. दुपारी तो उत्तरासाठी फोन करणार होता. हे ‘तू म्हणशील तसं’ ऐकल्यापासून आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यापेक्षा तो कडकडून भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

कारण आई थकली होती. डोळे मिटले की तिला अपूर्णांक दिसत. पोरं खरंच काही शिकतायत, की आपण त्यांचं वाटोळं करतोय, हा प्रश्न तिला बसू देत नव्हता की उठू देत नव्हता. मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

तिनं दारावर थाप मारली. “अगं मोठे! जनरल! कोण आहे तिकडे?”

पावलं धावत आली. मोठी बारा वर्षांची, सगळ्या गोष्टी रीतीनं करणारी. मधला जनरल, त्याला हे नाव वडिलांच्या पलटणीनंच दिलं होतं, कारण तो दूध प्यायलासुद्धा चढाई करून जायचा. आणि धाकटी, जी काहीही झालं की आधी हात जोडायची.

“बाई, हा कुठला तास?” मोठीनं विचारलं.

“तासबीस काही नाही! मी अडकलेय. खरंच अडकलेय!”

बाहेर कुजबूज झाली. “त्या दिवशी पण बाई ‘खरंच’च म्हणाल्या होत्या,” जनरल म्हणाला.

हे मात्र खोटं नव्हतं. प्रथमोपचाराच्या धड्याला आई स्वयंपाकघरात आडवी पडून ‘खरंच चक्कर आली गं’ म्हणून कण्हली होती. मुलांनी तिचे पाय स्टुलावर चढवले आणि तांब्याभर पाणी तोंडावर ओतलं. ठसका आवरल्यावर आईनं तिघांना शाबासकी दिली होती. घरात नळ गळला तरी तो धडा, दिवे गेले तरी तो धडा. अशा शाळेत बाई कोठीत अडकल्या, तर मुलांनी दुसरं काय समजायचं?

“हे बघा, बाहेर हँडल पडलंय ना? त्याची सळी त्या भोकात घाला आणि फिरवा. झालं!”

“बाई उत्तर सांगतायत,” मोठी सावधपणे म्हणाली. “बाई कधी उत्तर सांगतात का?”

“कधीच नाही,” जनरल म्हणाला.

“मूल्यशिक्षण!” धाकटी किंचाळली आणि तिनं हात मागे लपवले.

तेही आईचंच कर्तृत्व होतं. मागे एकदा तिनं गणिताच्या उत्तरांचं पुस्तक मुद्दाम टेबलावर उघडं ठेवलं होतं आणि स्वतः बाहेर जाऊन खिडकीतून बघत बसली होती. ज्यानं डोकावलं त्या जनरलला प्रामाणिकपणावर इतकं ऐकावं लागलं होतं, की तेव्हापासून तो घड्याळाकडे बघतानाही आधी विचारायचा.

“अरे, मी आई म्हणून सांगतेय!”

“पण अजून चार वाजले नाहीत, बाई.”

बाहेर काम सुरू झालं. हँडल एका ताटलीत ठेवण्यात आलं, ‘सापळा आहे, कोणी हात लावायचा नाही’ अशी ताकीद देऊन. मोठीनं फ्रिजवर दाराची आकृती काढली. जनरलनं दाराला कान लावला, मग नाक लावलं. धाकटी भिंतीशी बसून मोठ्यानं प्रार्थना करू लागली, “देवा, बाईंना बाहेर काढ. पण आम्हाला उत्तर सापडल्यावर काढ.”

तेवढ्यात फोन वाजला.

फोन स्वयंपाकघरात आणि ती इथे. त्या खडकावर मागे जवानांची रांग असते, एकेकाला जेमतेम चार शब्द बोलायला मिळतात. “फोन इकडे आणा! स्पीकरवर लावा!” ती ओरडली. हे मात्र मुलांनी ताबडतोब ऐकलं, कारण यात उत्तर नव्हतं.

“आई कुठाय?” बाबांनी विचारलं.

“कोठीत,” मोठी म्हणाली. “आधी देवाशी बोलत होत्या, आता आमची परीक्षा घेतायत.”

“कोठीतून?”

“त्यांना बाहेर कसं काढायचं, हाच प्रश्न आहे.”

बाबांनी विचारलं, “रडतेय का ती?”

“नाही, ओरडतायत.”

“मग ठीक आहे.”

“काही ठीक नाही!” आई दाराला तोंड लावून ओरडली. “हँडल निघालंय! सांग रे यांना!”

“हात्तिच्या! एवढंच ना? जनरल, ती सळी घे आणि—”

“बाबा, नको!” मोठीनं फोनवर पंजा दाबला. “कॉपी होईल!”

बाबांच्या मागे रांगेत पलटणीचा मेकॅनिक होता. अडकलेली वस्तू म्हटल्यावर त्याला राहवेना. “साहेब, बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढा म्हणावं!” तो लांबूनच ओरडला. तिघांनी कानात बोटं घातली. धाकटी त्याहून मोठ्यानं बेचा पाढा म्हणू लागली. जनरलनं बोटं जरा सैलच घातली होती, असा मोठीचा पुढे कायमचा आरोप राहिला.

“तिला विचार,” बाबांचा आवाज तुटत तुटत आला, “हो की नाही. एवढंच...” आणि फोन बंद पडला.

“बाई, बाबा विचारतायत, हो की नाही. प्रश्न काय ते सांगितलं नाही.”

आईनं कपाळावर हात मारून घेतला. तो परत फोन करणार म्हणजे सगळी रांग संपल्यावर. तोवर संध्याकाळ. तिचा उरलासुरला धीर सुटला, आणि दोन्ही मुठींनी दार बडवत ती ओरडली, “कॉपी करा! मी सांगते ना, कॉपी करा!”

शेजारच्या क्वार्टरमधल्या मेजरीणबाई नेमक्या याच क्षणी पुढच्या दारात उभ्या राहिल्या. नवरा मेजर असल्यामुळे साऱ्या वसाहतीत त्यांना हेच नाव होतं. त्यांचे दोन्ही मुलगे त्याच वसतिगृहात होते, आणि या दोन जागाही त्यांनीच खटपट करून मिळवल्या होत्या. घरच्या शाळेवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. आठवड्यातून तीनदा तरी त्या ‘सहज’ म्हणून यायच्या, वह्या चाळायच्या आणि सुस्कारा टाकून जायच्या.

“काय चाललंय हे?”

“परीक्षा,” जनरल आडवा झाला. “बाहेरच्यांना मनाई आहे, काकू.”

मेजरीणबाईंनी त्याला बाजूला केलं, ताटलीतलं हँडल उचललं, सळी भोकात घातली आणि फिरवली. दार उघडलं. मुलांनी असा हंबरडा फोडला, की आईला सुटल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी आपलंच काहीतरी चुकलं असं वाटलं.

“मुलांसमोर नको,” असं म्हणून मेजरीणबाई आत शिरल्या आणि त्यांनी दार आपल्यामागे लावून घेतलं.

“ताई!” आई ओरडली. “दार लावलंत?”

“लावलंच. कॉपी करा म्हणून शिकवता तुम्ही मुलांना?”

“ते आतून उघडत नाही हो!”

“मग बाहेरून उघडतील. आत्ताच तर दाखवलं मी त्यांना.”

बाहेरून जनरलचा आवाज आला, “काकूंनी फोडलेलं उत्तर धरायचं नाही. हँडल काढ. पहिल्यापासून सुरू.” आणि सळी दारातून सरकत गेल्याचा आवाज दोघींनी ऐकला.

काही वेळ दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मग पाय दुखायला लागले तशा एकेका पेटीवर बसल्या. मेजरीणबाईंनी आवाज खाली आणला. “संध्याकाळपर्यंत कळवायचंय. काय ठरलं तुमचं?”

“हो म्हणणार आहे मी,” आई म्हणाली. स्वतःच्याच तोंडून ते ऐकून ती दचकली. “थकलेय मी, ताई. मलाच भागाकार येईनासा झालाय. तुमच्या मुलांकडे बघितलं की वाटतं, किती नीटनेटकी, किती शांत. आणि माझी ही!”

बाहेर कसलंतरी भांडं आपटलं. ‘माप चुकलं तुझं’, ‘तुझंच चुकलं’ अशी जुंपली होती. तिघांत धाकटीचा आवाज सगळ्यात वर.

“थांबा, गप्प करते त्यांना.”

“नको,” मेजरीणबाई घाईनं म्हणाल्या. “बोलू देत.”

आईनं त्यांच्याकडे बघितलं. त्या दाराकडे कान देऊन बसल्या होत्या.

“आमचे दोघे छान आहेत तिथे,” त्या म्हणाल्या. “रविवारी फोन येतो. कसा आहेस, ठीक. जेवलास, हो. की ठेवतात. सुट्टीत घरी आले ना, तर पाणी प्यायचं असलं तरी विचारतात, घेऊ का म्हणून. स्वतःच्या घरात! त्यांना कळत नाही आणि मला सांगता येत नाही. मी तुमच्याकडे वह्या बघायला येते असं वाटतं ना तुम्हाला? वह्यांशी मला काय करायचंय? आमच्या घरी फार शांत असतं हो.”

आईनं विचारलं, “मग आमच्यासाठी जागा कशाला मिळवल्यात?”

मेजरीणबाई म्हणाल्या, “सगळ्यांनी पाठवली की आपण पाठवली ते बरोबर होतं, असं वाटतं.”

आईनं पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला, आणि दोघी दाराबाहेरचं भांडण ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता आईला एकदम कळलं की रविवारी ‘ठीक’ आणि ‘हो’ एवढंच ऐकून आपण जगू शकणार नाही. त्यापेक्षा अपूर्णांक परवडले.

“मागे व्हा!” जनरल गरजला. “हल्ला!”

बिजागऱ्यांवर बत्त्याचे घाव बसले. एक खिळी उडाली, दुसरी उडाली, आणि अख्खं दार बाहेर रचलेल्या उशांवर धाडकन आडवं झालं. घामाघूम झालेली तिघं उजेडात उभी होती. धाकटीच्या केसांत रंगाचे पोपडे.

“किती मार्क?” मोठीनं विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. आई पडलेल्या दारावरून धावत गेली आणि तिनं तो मोठीच्या हातातून ओढूनच घेतला.

“नाही!” ती धापा टाकत म्हणाली. “ऐकलंस? माझी पोरं कुठेही जाणार नाहीत. नाही म्हणजे नाही!”

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. मग नवऱ्यानं केवढा तरी मोठा श्वास सोडला. “मी सकाळीच साहेबांना नाही सांगून आलोय.”

“काय?”

“तू हो म्हणालीस तर काय करायचं, याच विचारात सकाळपासून खडकावर बसलोय. एकसारखा देवाला सांगतोय, तिला नाही म्हणायची बुद्धी दे. माझं तोंड बघून रांगेतल्यांनीच मला पुन्हा पुढे घेतलं. मी सुटीवर आलो की घरात तिघांचा दंगा पाहिजे गं मला.”

आईचे डोळे भरून आले. तिनं ते बाहीनं पुसले, आणि मग तिच्या लक्षात आलं.

“म्हणजे मला न विचारताच? मी इथे जिवाचं पाणी करून घेतेय, आणि तू परस्पर नाही सांगून मोकळा?”

“चुकलं,” नवरा म्हणाला. “साहेब अजून खाली तंबूतच आहेत. जाऊन हो सांगून येऊ का?”

“खबरदार जागचा हललास तर!” आई ओरडली.

डोंगरावर फोनच्या रांगेतले सगळे जवान, असं नंतर कळलं, त्यासरशी ताठ उभे राहिले.