सुपडाबाईचं सामान

सुपडाबाई गावाला निघाली की दोन साड्या नेसायची, एकीवर एक. सामान म्हणजे एवढंच. पिशवी नाही, ट्रंक नाही. मशेरीची पुडी पदराच्या एका टोकाला बांधलेली, दुसऱ्या टोकाला भाकरी आणि हिरवी मिरची. कंगवा अंबाड्यात खोचलेला. भर उन्हाळ्यात ती सुरतेतल्या नवागामच्या आमच्या पत्र्याच्या खोल्यांमधून अशी फुगून बाहेर पडली की पोरं हसायची. रिक्षावाला इकडेतिकडे बघून विचारायचा, "सामान क्यां छे, माशी?" ती आत बसत म्हणायची, "हुं ज सामान." म्हणजे, मीच सामान.

तिची आणि आमची भिंत एकच. तिचा नवरा लूमवर कामाला होता, तो वारला. मूलबाळ नाही. घरी बसून ती साड्यांचे सुटलेले धागे कापायची, आणि कापता कापता सगळ्या गल्लीला बोलायची. "कसाले?" हा तिचा लाडका शब्द. अहिराणीत कसाले म्हणजे कशाला. कोणी नवं कपाट आणलं, कसाले? कोणी पाहुण्यांसाठी जादा गादी शिवली, कसाले? पाहुणे काय झोपायला येतात? आले तर उठवा त्यांना.

आता खरं सांगायचं तर तिचं ओझं हलकं असायचं, कारण आमचं जड असायचं. एकदा गल्लीतल्या बाया मिळून वणीच्या देवीला गेलो. गडाच्या पायथ्याशी उतरलो तशी सुपडाबाईने माझा साबण घेतला, शेजारच्या मंगलचा टॉवेल घेतला, तिसरीच्या डब्यातली चटणी घेतली. मंगल चिडली. म्हणाली, "आक्का, आपलं काही आणायला काय होतं?"

"तुम्ही आणलंच आहे ना माय, मग मी कसाले आणू? दोन दोन साबण देवीला दाखवायचे आहेत का?"

आणि गड चढताना मंगलची पिशवी तिनेच डोक्यावर घेतली. मंगल मागे धापा टाकत होती आणि ही पुढे जाऊन ओरडत होती, "चला व, की तुम्हालाही उचलू?"

माझी मात्र तिने एकदा चांगलीच फजिती केली, असं मला निदान एक दिवस वाटत होतं.

माझी रंजना दोंडाईच्याजवळच्या एका गावात दिली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्हा खानदेशी लोकांत लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला बाप किंवा भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आल्याशिवाय सासरचे पाठवत नाहीत. रंजनाला भाऊ नाही. तिच्या वडिलांना लूमच्या खात्यातून, म्हणजे कारखान्यातून, रजा मिळत नव्हती. दोन आखाज्या अशाच गेल्या. तिच्या सासरच्या गावातल्या दुकानात एसटीडीवरून निरोप दिला तर विहीणबाईंचा उलटा निरोप आला, "लग्नात साड्या हलक्या दिल्या. आता मुऱ्हाळी तरी वजनदार पाठवा."

मी भिंतीशी तोंड करून रडत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "मी येते मुऱ्हाळी. ऊठ."

मी माझ्या परीने तयारी केली. ट्रंकेत विहिणीला साडी, तिच्या जावांना साड्या, नणंदेला ड्रेसपीस, वर घारी या सुरती मिठाईचा डबा. उधना स्टेशनवर सुपडाबाईने ट्रंक उघडायला लावली. एकेक घडी बोटाने उचलून बघितली आणि झाकण लावलं. सोडायला आलेल्या रंजनाच्या वडिलांना म्हणाली, "भाऊ, ही घरी घेऊन जा."

"आक्का, रिकाम्या हाताने गेलो तर त्या पोरीला उंबऱ्याबाहेर येऊ देणार नाहीत," मी म्हटलं. माझ्याच्याने एवढंच बोलवलं.

"आज दिलं तर दरवर्षी द्यावं लागेल. आपण पोर आणायला चाललो की विकत घ्यायला?"

आमचे हे ट्रंक उचलून चालायला लागले. खात्यात पाळी गाठायची होती त्यांना. गाडी आली. मला इतका राग आला होता की व्यारा स्टेशन येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तिचं लक्षच नव्हतं. तिने समोरच्या बाईच्या टोपलीतली करवंदं मागून खाल्ली आणि मलाही दिली.

दुपारी पोचलो. विहीणबाई ओट्यावर धान्य निवडत होत्या. त्यांनी आधी आमचे हात बघितले, मग तोंड.

"सुरतेहून आल्या आणि हात हलवत? सुरतेत तर म्हणे साड्यांचा पाऊस पडतो."

"पडतो ना," सुपडाबाई म्हणाली. "आम्ही छत्री धरून चालतो."

"मुऱ्हाळी कोण?"

"मी."

"बाईमाणूस?"

"बाईला न्यायला आले. बैल न्यायचा असता तर गडी आणला असता."

रंजना दारामागे उभी होती. वाळली होती. तिने तोंडात पदर धरला होता, हसू दाबायला की रडू, मला कळलं नाही. विहीणबाई म्हणाल्या, "यंदा जमायचं नाही. पापड, कुरडया सगळं राहिलं आहे. पुढच्या वर्षी बघू." मग माझ्याकडे वळून, "तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "आक्का म्हणतात तेच."

आक्का म्हणाली, "आम्हाला घाई नाही. बसतो," आणि ओट्याच्या मधोमध मांडी घातली.

तो ओटा रस्त्याला लागून होता. विहिरीवर जाणारी प्रत्येक बाई विचारायची, पाहुण्या कुठल्या? सुपडाबाई मोठ्याने सांगायची, "सुरतच्या. लेक न्यायला आलो. पाठवतात का बघू. तुमच्या लेकी आल्या का हो?" संध्याकाळपर्यंत त्या गावात आमची गोष्ट ठाऊक नाही असं माणूस राहिलं नसेल. रात्री विहीणबाईंनी आम्हाला जेवायला वाढलं, पण भाकरी ताटात आपटून.

सकाळी उठून बघते तर सुपडाबाईने वरची साडी सोडून धुतली होती आणि त्यांच्याच दारासमोर या खांबापासून त्या खांबापर्यंत वाळत घातली होती. लालभडक साडी. घरात जाणाऱ्या-येणाऱ्याला तिच्याखालून वाकून जावं लागत होतं. रंजनाचे सासरे गोठ्यातून आले, वाकले, आणि साडीकडे बघत उभे राहिले.

"हे काय?"

"धुतली, दादा. उद्या आतली धुते, तोवर ही नेसते. माझं असं वर्षभर चालतं," ती म्हणाली.

सासरे आत गेले. आत बराच वेळ खालच्या आवाजात बोलणं चाललं. मग ते बाहेर न येताच म्हणाले, "पोरीला तयार करा."

विहीणबाईंनी शेवटी रंजनाला हळदकुंकू लावलं. मला वाटलं, आता सुपडाबाई काही तिखट बोलणार. ती वाकून त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "महिन्याने आणून सोडते. मीच येईन." विहीणबाईंना ते आशीर्वादासारखं वाटलं नसावं.

गाडीत गर्दी होती. रंजनाला खिडकीशी जागा मिळाली. नंदुरबार गेलं तशी तिच्या तोंडावर जरा तरतरी आली. ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला कोण यायचं हो मुऱ्हाळी?"

मी इतकी वर्षं शेजारी राहिले, मला कधी हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"भाऊ होता," सुपडाबाई म्हणाली. "येतो म्हणायचा. आखाजीला मी सकाळीच गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसायची. दिवस मावळला की सासू म्हणायची, सोड आता, चुलीकडे बघ. बांधताना काही वाटत नाही, माय. सोडताना सगळं घर बघतं."

रंजनाने पदराने डोळे पुसले.

"मग एका वर्षी बांधलंच नाही, दोन्ही साड्या अंगावरच नेसले. म्हटलं, आला तर आहे तशी निघेन. नाही आला तर कुणाला कळायला नको." तिने रंजनाकडे बघितलं. "तू रडते कसाले? तुला आलं ना कोणीतरी?"

रंजनाचं गाठोडं सुपडाबाईच्या मांडीवर होतं. मोठं होतं, दोन साड्या नेसून बसलेल्या बाईला त्या उकाड्यात ते नकोच असायला हवं होतं. वर फळीवर जागा झाली तेव्हा ते ठेवायला मी मागितलं. तिने दिलं नाही. उधना येईपर्यंत दोन्ही हात त्याच्याभोवती घालून ती बसून राहिली.