पडदा उघडण्यापूर्वीचं गाऱ्हाणं

दुपारी बरोबर तीन पन्नासला गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या बाबलीकाकांनी नारळ हातात घेतला आणि नाटकाआधीचं गाऱ्हाणं सुरू केलं. निर्माता जितेंद्र तोरसकरच्या वेळेच्या छापील तक्त्यात त्यासाठी दोन मिनिटं ठेवली होती.

ज्याने हा दोन मिनिटांचा हिशेब केला त्याने मालवणी गाऱ्हाणं जन्मात ऐकलं नसावं, असं कुणालाही वाटेल. पण जितेंद्र जन्मला तारकर्लीच्या अलीकडच्या ह्याच गावात. पुढे मुंबईत पंख्यांच्या कंपनीत चौतीस वर्षं काढली. दारोदार पंखे विकण्यापासून थेट कार्यकारी संचालकाच्या खुर्चीपर्यंत चढताना तो गावाकडचं बरंच काही विसरला, त्यातलंच हे एक.

खुर्चीत बसल्यावर त्याला नाटकाचं वेड लागलं. सहा नाटकं त्याने रंगभूमीवर आणली आणि सहाही नाटकं प्रेक्षकांनी तितक्याच तत्परतेने घरी पाठवली. तरी त्याचं त्याला फार दुःख नव्हतं. दुःख होतं ते वेगळंच. गावात अजून कुणी विचारलं तर लोक सांगत, "जितू मा? मुंबयत पंखे इकता." नाटकवाला म्हणून त्याला एक माणूस ओळखत नव्हता. म्हणून सातव्या नाटकाचा, 'पोकळीचे पडसाद'चा, शुभारंभ त्याने हट्टाने गावच्या देवळासमोरच्या मांडवात ठेवला. मांडव भरला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नाटकाला माणसं जागा नसल्याने उभी राहिली होती. आता फक्त चारला पडदा उघडायचा होता, कारण नाटक सव्वादोन तासांचं आणि नायिका शर्मिलाला साडेसहाला कुडाळ स्टेशनकडे निघायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिचं मुंबईत शूटिंग होतं.

"बा देवा म्हाराजा," बाबलीकाकांनी डोळे मिटले, "आज जो काय ह्यो नाटकाचो नारळ तुझ्या पायाशी ठेवलो हा, तो मान्य करून घे..."

"व्हय म्हाराजा!" मांडव गरजला.

गाऱ्हाण्यात आधी गावातल्या देवांची नावं आली. मग वाडीवाडीची भुतं आली. मग बाबलीकाका लोकांच्या अडचणींकडे वळले. जितेंद्र घड्याळ बघत पडद्याच्या कडेला उभा होता. ठीक चारला, तक्त्याप्रमाणे, तिसरी घंटा वाजली आणि पाठोपाठ ध्वनिक्षेपकावर त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज दणाणला: "रसिकहो, कृपया आपले मोबाइल बंद ठेवा. नाटकाला सुरुवात होत आहे."

बाबलीकाकांनी डोळे उघडले.

"गाराणा मोडला," काका म्हणाले. "आता पयल्यापासून."

"पहिल्यापासून कशाला? जिथे थांबलात तिथून घ्या ना!"

"देवाक काय तुझी मीटिंग वाटली, मागच्या पानावरना पुढे चलाक? मोडलेला गाराणा देवापर्यंत पोचणा नाय."

पुन्हा देवांची नावं. पुन्हा भुतं. आणि आता लोकांना वेळ मिळाला होता. पुढच्या रांगेतली मथुराकाकी उठून काकांच्या कानाशी लागली आणि गाऱ्हाण्यात तिच्या नारळांची भर पडली. "...मथुराचे नारळ माकडांनी खाल्ल्यानी, त्या माकडांका दुसऱ्या गावची वाट दाखय..." "व्हय म्हाराजा!" मागून कुणीतरी ओरडलं, "काका, आमच्या बोरिंगाचा पण सांगा!" बोरिंग आलं. एकाचा रखडलेला पासपोर्ट आला. जितेंद्रच्या डोक्याची शीर तटतटू लागली. चार चाळीसला ती फुटायची ती फुटली.

"काका, पुरे! हे नाटक आहे, ग्रामसभा नाही!"

हे बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. मांडवभर "अरे रे रे" झालं. मथुराकाकी तर कपाळाला हात लावून खाली बसली.

"परत मोडलंस," बाबलीकाका शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी नारळ जितेंद्रच्या हातात दिला. "माजो घसो गेलो. नाटक तुझा, नारळ तुझो. तूच घाल गाराणा."

"मी? मला येत नाही."

"मग पडदो उघडूचो नाय. गाराण्याशिवाय नाटक केल्यार उद्या कोणाक ताप जरी इलो तरी गाव तुझ्या दारात येतलो."

शर्मिला विंगेतून डोकावली. चेहऱ्यावर रंग, अंगावर नाटकातला पांढरा झगा, कपाळावर आठ्या. "जितेंद्रजी, पाच वाजत आले. काय करायचं ते करा."

जितेंद्रने नारळ घट्ट धरला आणि कंपनीच्या वार्षिक सभेत बोलावं तसा बोलू लागला. "आदरणीय ग्रामदेवता, प्रस्तुत नाट्यप्रयोगास आपले आशीर्वाद लाभावेत, ही विनंती."

मांडवातून एकही "व्हय म्हाराजा" आलं नाही.

"देवाक अर्ज करतंस काय रे?" बाबलीकाकांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. "आपल्या भाशेत सांग. आणि मनात आसा ता सगळा सांग. देवाकडे अर्धा सांगूचा नसता."

सगळं सांग म्हणे! सकाळपासूनचा, नव्हे, चौतीस वर्षांचा संताप जितेंद्रच्या घशाशी येऊन ठेपला.

"बा देवा म्हाराजा," तो ओरडला, आणि त्याच्या तोंडून इतक्या वर्षांनी मालवणी बाहेर पडली, "चौतीस वर्सां मी लोकांका वारो घातलंय! माझो घाम पुसूक एक माणूस इलो नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"पयल्या नाटकाक तेरा माणसां इली. नऊ माझ्याच कंपनीची, नोकरी जायत म्हणान इली. चार एसीत झोपूक इली!"

"व्हय म्हाराजा!" आता आवाजात हसू मिसळलं होतं, पण जितेंद्रला ते ऐकू येण्याची सोय नव्हती.

"दुसऱ्या नाटकाक पेपरवाल्यान लिवल्यान, निर्मात्याचे धाडस वाखाणण्याजोगे. माझा धाडस! मग नाटकाचा काय? तिसऱ्या नाटकात एका नटान पयल्या अंकात मरूचा होता. मेलो नाय! दुसऱ्या अंकात परत इलो आणि माका सांगता, 'लोकांचा माझ्यावर जीव आहे.' खंयचे लोक? हॉलात कोण होता, म्हाराजा?"

मांडव हसून लोळायचा बाकी होता. चौथं नाटक आलं, पाचवं, सहावं आलं. शेवटी सातव्याकडे वळत त्याने नारळ विंगेकडे रोखला. "आणि ही आमची नायिका! तालमीक कधी वेळेर इली नाय, आणि आज माका घड्याळ दाखयता!"

शर्मिला ताडताड रंगमंचावर आली. "मी सांगू? देवासमोर सांगू? महिनाभर ह्या माणसाने तालमीला थंड चहा दिला! आणि मी संवाद म्हणताना हा समोर बसून माझी मिनिटं मोजायचा! बाई रडतेय तर रडू द्या ना, दीडच मिनिट का रडायचं?"

"व्हय म्हाराजा!" बायकांच्या बाजूने जोराचा गजर झाला.

दोघांची जुंपली. तो मालवणीतून, ती शुद्ध मराठीतून. कुणी कुणाला सोडलं नाही. साडेसहाला शर्मिलाने घड्याळ पाहिलं, देवाला नमस्कार केला, जितेंद्रकडे पाठ फिरवली आणि झग्यासकट रिक्षात जाऊन बसली. मांडवाने तिला टाळ्यांनी निरोप दिला. जितेंद्रने नारळ फोडला. गाऱ्हाणं एकदाचं पुरं झालं.

तो वळला तेव्हा लोक उठून चपला शोधत होते.

"जितू, नाटक फस्कलास झाला हां!" मथुराकाकी पदराने डोळे पुसत म्हणाली. "हसान हसान पॉट दुखाक लागला."

"काकी, नाटक अजून सुरूच झालं नाही! नायिका गेली माझी!"

"ती गेली ता तर बेस्टच केल्यान."

जितेंद्र रागाने बधिर होऊन रिकाम्या रंगमंचावर उभा राहिला. मागचा पडदा अजून बंदच होता. त्यामागे त्याने हौसेने उभारलेली पोकळी गावातल्या एकाही माणसाने पाहिली नव्हती. तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ पायऱ्या चढून वर आले.

"मी सत्यवान. शिरोड्याच्या उत्सव समितीचो. तुमीच ते नाटकवाले तोरसकर मा?"

जितेंद्रने दोनदा मान हलवली.

"पुढच्या म्हयन्यात आमच्याकडे येवा. आमचो मांडव ह्याच्यापेक्षा मोठो आसा."

"येतो ना! 'पोकळीचे पडसाद', दोन अंकी, नेपथ्य फिरतं..."

"नको, नको." सत्यवानांनी घाईघाईने हात जोडले. "तुमी आणि ती बाई, दोघांच येवा. नाटक तेवढा आणू नकात."